पुण्याचा सीझन उघडतोय, पहिल्या दिवशी पैसे कुठल्या घोड्यावर? वाचकांचे प्रश्न

जुलै लागला की या पानावर रेसचीच पत्रं जास्त येतात. या वेळी बहुतेकांचं विचारणं एकच आहे, सीझनच्या पहिल्या एक-दोन मीटिंगला (मीटिंग म्हणजे रेसचा एक दिवस) नेमकं काय बघून बेट लावायची. त्यातले काही प्रश्न निवडलेत, नावं कोणाची छापलेली नाहीत.

प्रश्न : दादा, मी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला सीझनभर जातो आणि तिथे माझा हिशोब बऱ्यापैकी जमतो. पण पुण्यात पहिल्या दिवशी, एप्रिलमध्ये जिंकलेला घोडा रेसबुकात (त्या दिवसाच्या घोड्यांची माहिती असलेल्या पुस्तिकेत) दिसला की मी लावतो आणि तो चौथा-पाचवा येतो. मग फॉर्म, म्हणजे घोड्याचे आधीचे निकाल, बघायचाच नाही का? (कोथरूड)

बघायचा, पण कशासाठी बघायचा ते या दिवसात बदलतं. मुंबईचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, मग घोडे पुण्याला येतात आणि जुलैपर्यंत रेस नसते. म्हणजे रेसबुकात छापलेला शेवटचा रन कमीत कमी अडीच-तीन महिने जुना आहे. त्या रनवरून घोड्याची लायकी कळते, आज तो तयार आहे का ते कळत नाही, आणि सीझनच्या सुरुवातीला सगळा खेळ तयारीचाच असतो. एप्रिलमध्ये फुल फिट असलेला घोडा नंतर विश्रांतीवर गेला, अंगात चरबी आली, आता ट्रेनर त्याला हळूहळू परत आणतोय. तो कदाचित पुणे डर्बीसाठी किंवा सप्टेंबरच्या एखाद्या मोठ्या रेससाठी तयार होतोय, त्याला जुलैमध्ये पिळून काढायचं काही कारणच नाही.

म्हणून मी पहिल्या मीटिंगला रेसबुकात सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधतो, हा घोडा मोठ्या गॅपनंतर पहिल्यांदा पळताना याआधी काय करून गेलाय. मागच्या वर्षीचा पुण्यातला पहिला रन बघा आणि मुंबईतला नोव्हेंबर-डिसेंबरमधला पहिला रन पण बघा. काही घोडे स्वभावानेच फ्रेश पळतात, गॅपनंतर लगेच जिंकतात आणि मग चार रन झाले की थंड होतात. काहींना दोन-तीन रन झाल्याशिवाय जागच येत नाही. हा स्वभाव वर्षानुवर्षं टिकतो आणि भाव (घोडा जिंकला तर लावलेल्या पैशांवर किती मिळणार तो आकडा) लावताना पब्लिक याच्याकडे फार कमी बघतं, सगळ्यांची नजर शेवटच्या रनच्या आकड्यावर. तुमच्या एप्रिलच्या विनरचं उत्तर बहुतेक तिथेच सापडेल.

दुसरं, अंतर बघा. २००० मीटरला जिंकणारा घोडा पहिल्या दिवशी १२०० मीटरला उतरवलाय तर त्याला बहुतेक एक रन द्यायचाय एवढंच. प्रामाणिकपणे पळेल, पण वेगवान घोड्यांपुढे तो सुरुवातीलाच मागे राहणार. अशा घोड्यावर त्या दिवशी पैसे लावू नका, पण शेवटच्या २०० मीटरमध्ये तो कसा येतो ते डोळ्यात तेल घालून बघा आणि लिहून ठेवा.

प्रश्न : पेपरात ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांचा सकाळचा सराव, येतं त्यातलं मला काही कळत नाही. "१०००/१-०६, ६००/४०, मूव्ह्ड फ्रीली" हे वाचून बेट कशी ठरवायची? आणि मॉक रेस बघायची का? (निगडी)

हे वाचायला एकदम सोपं आहे. घोड्याने १००० मीटर १ मिनिट ६ सेकंदात केले, त्यातले शेवटचे ६०० मीटर ४० सेकंदात. म्हणजे पहिले ४०० मीटर २६ सेकंदात झाले, शेवटाला वेग फारसा पडला नाही. पुढचे शब्द मात्र आकड्याइतकेच महत्त्वाचे असतात. "मूव्ह्ड फ्रीली" किंवा "इझी" लिहिलंय म्हणजे घोडा स्वतःहून गेला, "पुश्ड" किंवा "अर्ज्ड" असेल तर जॉकीने त्याला ढकलला. ४० सेकंद ढकलून काढलेले आणि ४० सेकंद लगाम धरून काढलेले यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाठीवर कोण होतं तेही बघायचं, नावापुढे आरबी असेल तर रायडिंग बॉय (फक्त सरावाला बसणारा) आणि जॉकीचं नाव असेल तर जॉकी. जो जॉकी रेसला बसणार तोच आधीच्या आठवड्यात सकाळी कामालाही बसलेला दिसला तर ते मी चांगलं लक्षण मानतो.

पण एका फास्ट कामावर जाऊ नका. ट्रॅकवर्कमध्ये अख्खा महिना बघायचा असतो, जूनच्या मध्यापासून घोडा नियमित काम करतोय का, मध्येच आठ-दहा दिवस गायब झाला का, कामाचं अंतर हळूहळू वाढत गेलंय का. गायब झालेला घोडा परत येऊन एक चमकदार ६०० मारतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव असतं, अशा घोड्यापासून पहिल्या दिवशी मी लांब राहतो.

मॉक रेस तर नक्की बघा. गेटमधून सुटून गर्दीत पळण्याचा तो सराव असतो, तिथे जिंकणं-हरणं काही नसतं त्यामुळे नंबर सोडून द्या, बघायचं ते गेटमधून कसा निघाला, जॉकी हलत होता का गप्प बसला होता आणि विनिंग पोस्टनंतर घोडा लगेच थांबला की अजून पुढे जायला बघत होता. नवख्या घोड्यांच्या रेसला तर दुसरं काही हातात नसतंच.

प्रश्न : पावसाने ट्रॅक मऊ झाला की माझं सगळं गणित बिघडतं, यावर काही उपाय? (सातारा)

पुण्याचा सीझनच पावसाळ्यातला, त्यामुळे हे गणित आधीपासून करून ठेवावं लागतं. रेस भरवणारा क्लब पेनेट्रोमीटरचं रीडिंग देतो, आकडा जेवढा मोठा तेवढी माती मऊ. रेसबुकातले घोड्याचे जुने पुण्यातले रन बघा, मुंबईचे बहुतेक रन कोरड्या हवेतले असतात, त्यावरून चिखलातला घोडा ओळखता येत नाही. मुंबईत साधारण वाटणारा पण दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात प्लेसमध्ये (पहिल्या दोन-तीनांत) येणारा घोडा सापडला तर तो माझ्या लिस्टमध्ये पहिला. मऊ मातीत दम जास्त लागतो, त्यामुळे आधीच अर्धवट फिट असलेला घोडा इथे अजून लवकर संपतो, १४०० मीटरची रेस त्याला १६०० सारखी जाते.

फॉल्स रेल (ट्रॅकच्या आतल्या बाजूचं तात्पुरतं कुंपण) लावली आहे का आणि किती रुंदीची तेही रेसबुकात असतं. आतली पट्टी राखून ठेवायला ती लावतात, ती हलवली की आत ताजं गवत मिळतं आणि आतले ड्रॉ (सुटतानाच्या गेटमधल्या आतल्या जागा) एकदम कामाचे होतात. पहिल्या दिवशी ट्रॅक तुडवलेला नसतो त्यामुळे सुरुवातीच्या रेसेसना मी रेलजवळून पुढे पळणाऱ्याला मानतो. पण दुपारी जोराची सर आली तर दोन-तीन रेस नुसत्या बघा, जॉकी स्ट्रेटमध्ये (शेवटच्या सरळ पट्ट्यात) आत राहतायत का मधे येतायत. ते मधे यायला लागले की आतल्या ड्रॉचा फायदा गेला.

प्रश्न : हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवतात त्या रेसमध्ये) तीन वर्षांचा घोडा घ्यावा का जुना अनुभवी? (सोलापूर)

जुलैमध्ये तीन वर्षांचा, भाव बरा मिळत असेल तर. आपल्याकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, आणि तीन वर्षांचा घोडा एप्रिल ते जुलै या काळात अंगाने खूप भरतो. त्याचं रेटिंग, म्हणजे वजन ठरवण्यासाठी हँडिकॅपर या अधिकाऱ्याने दिलेले गुण, मात्र एप्रिलच्या शरीरावर दिलेलं असतं. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो वजन, त्यामुळे घोडा आठ पॉइंटने सुधारला असेल आणि रेटिंग तेच असेल तर त्याला चार किलो फुकट मिळाले, आणि हे फक्त पहिल्या एक-दोन रनपुरतंच असतं, जिंकला की हँडिकॅपर लगेच वर चढवतो. सहा वर्षांच्या घोड्याबद्दल हँडिकॅपरला सगळं माहीत आहे, तिथे अशी सूट मिळत नाही.

क्लास पण बघा. क्लास चार २० ते ४६ रेटिंगचा आणि क्लास तीन ४० ते ६६ चा, म्हणजे ४६ वाला घोडा चारमध्ये टॉप वेट (सगळ्यात जास्त वजन) घेऊन पळतो आणि तीनमध्ये हलका असतो. मऊ मातीवर गॅपनंतर टॉप वेट हे मला अजिबात आवडत नाही, अप्रेंटिसचा अलाउन्स (शिकाऊ जॉकीला मिळणारी वजनाची सूट) असेल तर गोष्ट थोडी वेगळी.

प्रश्न : सरळ पेसी श्रॉफच्या स्टेबलचा घोडा घ्यायचा आणि शांत बसायचं, यात चूक काय आहे? (ठाणे)

घोडा जिंकेल हो, जॉकी असताना आणि ट्रेनर झाल्यावरही इंडियन डर्बी जिंकलेला माणूस आहे तो, त्यांच्या घोड्याला कमी लेखायचा प्रश्नच नाही. पण हे तुम्हाला माहीत आहे तसं सगळ्या रेसकोर्सला माहीत आहे आणि ते भावात आधीच आलेलं असतं. वर टॅक्स बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या बेटवर जीएसटी २८ चा ४० टक्के झालाय आणि तो जिंकलेल्या रकमेवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. १०० ची बेट आणि वरून ४० टॅक्स धरला तर खिशातून गेले १४०. आता फेव्हरिटचा (ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागतात त्या घोड्याचा) भाव १०० ला ४० असेल तर जिंकल्यावर परत येतात १४०. घोडा जिंकला आणि तुम्हाला मिळालं शून्य! ईव्हन मनीला (१०० ला १००) २०० परत, म्हणजे फायदा १०० नाही, ६०. दुप्पट भावाला ३०० परत, फायदा १६०. त्यामुळे ईव्हन मनीच्या आतला कुठलाही घोडा, स्टेबल कुठलंही असो, मी विनला (पहिला येण्यावर) घेत नाही, आणि सीझनच्या सुरुवातीला जेव्हा कोण किती फिट आहे ते नक्की कोणालाच माहीत नसतं तेव्हा तर नाहीच. एका तिकिटावर १०,००० च्या वर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस कापला जातो तोही धरा.

फेव्हरिट कच्चा वाटत असेल तर ती रेस खेळा आणि पक्का वाटत असेल तर सोडून द्या, माझी तरी पद्धत हीच आहे. पहिल्या दिवशी कार्डात सात-आठ रेस असतील तर दोनच खेळण्यासारख्या निघतात.

प्रश्न : टेलिग्रामवर एक जण "स्टेबलची आतली बातमी" देतो, पाच हजार मागतोय आणि बेट पण तोच घेतो म्हणतो. घ्यावी का? मी कॉलेजला आहे. (नाशिक)

अजिबात नाही रे बाबा, आजच्या आज ब्लॉक कर. बातमी खरी असती तर त्याने स्वतः लावली असती, तुझ्या पाच हजारांची त्याला गरज पडली नसती. आणि बेट घेण्याचं म्हणशील तर, महाराष्ट्रात रेसकोर्सवरची बेटिंग १९१२ च्या लायसेन्सिंग कायद्याखाली चालते, क्लबचा टोट (क्लबची स्वतःची बेट घेण्याची सोय) आणि लायसेन्स असलेले बुकी सोडून बाहेर कोणी बेट घेत असेल तर ते बेकायदेशीर आहे, पैसे बुडाले तर ते परत मिळवणं अवघड. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये रेसिंग हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं ते घोडा, जॉकी, वजन, अंतर यांचा अभ्यास करणाऱ्यांबद्दल, टिप विकत घेणाऱ्यांबद्दल नाही. तुला आवड असेल तर हा अख्खा सीझन कागदावर खेळ, रेसच्या आधी घोडा आणि भाव लिही, ऑक्टोबरमध्ये बेरीज कर. फीच्या पैशाला हात लावू नकोस.

प्रश्न : मी मिस्टरांबरोबर पहिल्यांदाच येतेय, पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात तिथे) घोडा बघून काय कळतं? (हडपसर)

ताई, सुरुवातीच्या मीटिंगला पॅडॉकमध्ये जेवढं कळतं तेवढं नंतर कधी कळत नाही. पोट बघा, सुटलेलं असेल तर घोडा अजून कच्चा. फासळ्यांची हलकी रेघ आणि मागच्या मांड्या भरलेल्या, हे तयार घोड्याचं अंग. कातडीवर चमक हवी. मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस आणि सतत मान उडवणं म्हणजे ताकद तिथेच संपतेय, मानेवर थोडा घाम मात्र पावसाळी दमट हवेत चालतो. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडतोय का ते पण बघा, लांब आणि सैल चाल हवी. पहिल्यांदाच ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूची झापडं) लावलेत का तेही रेसबुकात कळतं. मिस्टरांना म्हणावं टोटच्या लाइनमध्ये आधी उभं राहू नका, घोडे एक फेरी मारून होऊ देत.

आणि ज्यांनी विचारलंय की पहिला दिवस संपल्यावर काय करायचं, त्यांनी घरी येऊन रेसचे व्हिडिओ परत लावा आणि हरलेले घोडे बघा. जो ८०० मीटर छान पळाला आणि शेवटी दमला, जॉकीने चाबूक न उचलता त्याला तसाच येऊ दिला, त्याचं नाव लिहा. तो दोन-तीन आठवड्यांनी परत उतरेल, रेटिंग तेच असेल किंवा एखाद-दोन पॉइंट खाली आलं असेल, आणि रेसबुकात त्याच्यापुढे सातवा नंबर छापलेला असल्यामुळे भावही चांगला मिळेल. माझा पुण्याच्या सीझनचा जास्तीत जास्त खेळ अशा दुसऱ्या रनवरच असतो.