मूल वर्गात जागा सोडून किती वेळ फिरते, हे मोजायला पार्शल इंटर्व्हल नोंद चालेल का?

एकूण वेळ मोजायचा असेल, तर पार्शल इंटर्व्हल नोंद (वेळेचे समान भाग पाडून, एखाद्या भागात वर्तन एकदा जरी घडले तरी तो भाग मोजणे) वापरू नये. एकाच मुलाकडे सलग लक्ष देता येत असल्यास स्टॉपवॉचने प्रत्यक्ष कालावधी मोजावा, आणि वर्ग सांभाळताना ते जमत नसल्यास मोमेंटरी टाइम सॅम्पलिंग वापरावे, म्हणजे ठरलेला क्षण येताच मूल जागेवर आहे की नाही एवढेच लिहावे. कारण साध्या हिशेबात आहे. १० मिनिटांचे १५ सेकंदांचे ४० भाग पाडले आणि मूल प्रत्येक भागात केवळ १ सेकंद उठले, तर प्रत्यक्षात ते ६०० पैकी ४० सेकंदच जागेबाहेर असते. परंतु पार्शल इंटर्व्हल पद्धतीत एकदाच घडलेले वर्तनही संपूर्ण भागाच्या खात्यावर जमा होत असल्याने तक्त्यात १०० टक्के दिसतात. (होल इंटर्व्हल नोंदीत, म्हणजे वर्तन पूर्ण भागभर टिकले तरच तो भाग मोजण्याच्या पद्धतीत, याच मुलाचे ० टक्के येतील, तेही फसवेच.) मात्र चावणे किंवा किंचाळणे यांसारखे क्षणभराचे, अधूनमधून घडणारे वर्तन मोमेंटरी पद्धतीतून बहुधा निसटते, तेथे ते ताशी किती वेळा घडले हेच मोजावे.