अधिकार वापरायला आत्ताच सुरुवात केलीस तर

भावा, बायबलमधल्या लूक १० मधलं १९ वचन, सैतानाच्या शक्तीवर अधिकार दिलाय म्हणणारं, सगळे पाठ करतात, तू २० पण वाच, तिथं येशू म्हणतो आत्मे वश होतात यात आनंद मानू नका, नावं स्वर्गात लिहिलीत यात माना. नवीन पोरांना वाटतं घसा बसेपर्यंत ओरडलं की अधिकार आला. इफिसात याजकाच्या सात पोरांनी भूत काढायला नुसतं येशूचं नाव घेऊन बघितलं अन् भूत लागलेल्याचा मार खाऊन उघडेनागडे पळाले (प्रेषितांची कृत्ये १९). याकोब ४:७ चा क्रम धर, आधी देवाच्या अधीन हो, मग सैतानाला अडव.

सध्या एवढंच कर:
- घरच्यांसाठी रोज साध्या आवाजात प्रार्थना.
- कोण आजारी असलं तर प्रार्थना कर अन् कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात पण ने, गोळ्या बंद करायला लावू नको, हे लई जण चुकतात.

भुतं काढायला एकटा जाऊ नको, चर्चच्या पाळकसाहेबांना सांग. उपासाचं नंतर बघू.