सोलर नंतर, आधी स्टोअरचं रजिस्टर उघडा

बांधकाम कंपनीने तुम्हाला 'पर्यावरणपूरक' व्हायचं काम सोपवलंय, साहेबांच्या डोक्यात ऑफिसवर सोलर आणि साइटवर झाडं आहेत, आणि सुरुवात कुठून करू असं तुम्ही विचारताय. लावा की झाडं, कुणाचं काही बिघडत नाही. पण त्याआधी स्टोअरमध्ये जाऊन वर्षभरात किती सिमेंट, किती सळई आणि किती डिझेल आलं ते चलनांवरून काढा. कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा बहुतेक वेळा सिमेंट आणि सळईतच सापडतो.

सिमेंटची गोम अशी की भट्टीचं इंधन बदलूनही प्रश्न संपत नाही. क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते खडे, सुमारे 1450 अंशांना भाजतात आणि त्यात चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. निम्म्याहून अधिक उत्सर्जन तिथलंच. म्हणून क्लिंकर कमी वापरणं हाच सरळ उपाय. त्याच्या जागी कोळशाच्या वीज केंद्रातली राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश, लोखंडाच्या भट्टीतली मळी म्हणजे स्लॅग किंवा भाजलेली चिकणमाती घाला. एका घनमीटर काँक्रीटला 350 किलो साधं सिमेंट धरा. त्यातलं 30 टक्के फ्लाय अ‍ॅशने बदललं तर ढोबळमानाने 90 किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो, म्हणजे 30 लिटरहून जास्त डिझेल जाळल्यावर सुटतो तितका. एक राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा पायाचा जाड स्लॅब, किती घनमीटरची असते ते तुम्हीच बघा.

इथे मी एकदा तोंडघशी पडलोय. उत्साहाच्या भरात कॉलमच्या काँक्रीटमध्येच निम्म्या सिमेंटच्या जागी स्लॅग घालायला लावला. साइटवाल्यांनी नेहमीच्या हिशेबाने फर्मा (काँक्रीटचा साचा) काढला आणि कोपरे ढासळले. चूक माझीच. असं काँक्रीट सावकाश ताकद धरतं आणि त्याला पाणीही जास्त दिवस मारावं लागतं, हे मुकादमाला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे दोन वर्षं त्या कंपनीत 'स्लॅग' म्हटलं की लोक हसायचे.

तेव्हापासून मी फुटिंग (कॉलमखालचा पाया) आणि राफ्टपासूनच सुरुवात करतो. पूर्ण भार यायला तिथे महिने जातात, त्यामुळे 28 ऐवजी 56 दिवसांची ताकद धरायला डिझायनर तयार होतो. शिवाय अशा काँक्रीटमुळे जाड राफ्टमध्ये उष्णता कमी निर्माण होते, तडे जायची भीती घटते. पर्यावरणाचं नाव काढल्यावर जांभई देणारा इंजिनियर हा मुद्दा मात्र कान देऊन ऐकतो.

खरी अडचण बहुतेकदा कागदावर असते. जुन्या टेंडरमधून उचललेलं 'किमान इतकं सिमेंट' हे कलम, किंवा कुठेही गरज नसताना एक ग्रेड वरचं काँक्रीट. ते डिझाइनच्या टप्प्यावरच बदलून घ्या. खड्डे खणून झाल्यावर तुमचं कुणी ऐकणार नाही.

सळईचं सोपं आहे. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कुठली सळई किती लांब आणि कशी वाकवायची याची यादी, वेळेवर करा आणि 12 मीटरच्या बारमधून कटिंग आधी कागदावर जुळवा. भंगारापासून विजेच्या भट्टीत बनलेली सळई मिळत असेल तर पुरवठादाराकडून उत्पादनाचं पर्यावरण घोषणापत्र मागा. नुसत्या 'ग्रीन' शिक्क्यावर जाऊ नका.

डिझेलमध्ये जनरेटर बघा. साइटवर तो हटकून गरजेपेक्षा मोठा असतो आणि रात्री चार दिव्यांसाठी धडधडत राहतो. रात्रीपुरता छोटा सेट किंवा बॅटरी ठेवली की फरक पुढच्याच महिन्याच्या बिलात दिसतो. साहेबांसमोर जाताना तेच बिल आधी पुढे करा, राफ्टचा विषय त्यानंतर काढा.