पुण्याहून मे महिन्यात मालवण-देवबागला चाललोय. साधं, घरगुती आणि खिशाला परवडेल असं कुठे खावं-प्यावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुक्काम देवबागला पाच दिवस, सोबत दोन मुलं आणि मासे न खाणारे वडील, आणि रिसॉर्टच्या जेवणावर पैसे घालवायचे नाहीत. मी पक्का पुण्याचा, सिंहगड रोडचा. पण सासुरवाडी कुडाळजवळ, त्यामुळे गेली सोळा-सतरा वर्षं त्या पट्ट्यात वर्षातून दोनदा तरी हात धुऊन पाटावर बसतो. तेवढ्या अधिकारावर लिहितोय.

पुण्यात भूक लागली की माणूस गाडी काढतो आणि जाऊन बसतो. मालवणात असं केलंत तर पोट भरेल, पण जेवण होणार नाही. तिथे भूक लागायच्या चार तास आधी सांगावं लागतं. 'कुठे खावं' हा प्रश्न त्या मानाने दुय्यम आहे.

हे मी पैसे मोजून शिकलो. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत किनाऱ्यावर हुंदडून दुपारी सव्वातीनला तारकर्लीच्या रस्त्यावर एका मोठ्या फलकाच्या हॉटेलात शिरलो. सुरमई थाळी मागवली, पाच मिनिटांत आली. तेव्हाच शंका यायला हवी होती. तुकडा बाहेरून लालभडक, आणि आत बोट घातलं तर मासा पाकळी-पाकळीने सुटायच्या ऐवजी ओल्या कापसासारखा. संध्याकाळी मेव्हण्याला कौतुकाने सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "भावोजी, कालपासून वारो असा, होड्यो गेल्योच नाय. मगे सुरमय खयसून इली?" आली होती ती बर्फातून, कुठल्या तरी आठवड्याची. असला मासा खायचा तर गणेश पेठेतला बाजार काय वाईट आहे? पेट्रोल तरी वाचतं.

आता देवबागचं. गाव म्हणजे जमिनीची एक अरुंद पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला दोन्हींचा संगम. मधून एकच रस्ता. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराघरांवर 'घरगुती जेवण मिळेल' अशा पाट्या दिसतील. कुठली निवडायची? सकाळी नऊच्या सुमारास चालत निघा. जिथे अंगणात मासे साफ करायचं काम चाललंय, मांजरं ताटकळत बसलीत आणि घरातलं कोणीतरी मोकळेपणाने बोलतंय, तिथे थांबा. 'मेनू काय आहे' असं विचारू नका. 'आज काय गावला?' एवढंच विचारा.

आमची ठरलेली एक काकी आहे, घराला नावाची पाटीसुद्धा नाही. गेल्या मे महिन्यात मी सवयीने सुरमई म्हणालो. तिने वरही न बघता सांगितलं, "सुरमय आज गावली नाय. बांगडे बरे असत, तेच खावा." मग दोनच प्रश्न: जेवूक किती जण, आणि किती वाजता. दीडला पोचलो तेव्हा बांगड्याचं तिखलं तयार होतं, तिरफळं घातलेलं. तिरफळाचा वास पहिल्यांदा घेणाऱ्याला औषधी वाटतो आणि जीभ किंचित बधिर झाल्यासारखी होते. मुलांना आधीच सांगून ठेवा की ते चावायचं नसतं, बाजूला काढायचं असतं. तव्यावरचे बांगडे मात्र आम्ही बसल्यावरच पडले. रव्याचं पातळसं आवरण, खाली तेल बेताचं, आणि एक बाजू खरपूस होईपर्यंत काकी त्यांना हातही लावत नव्हती. शेजारच्या चुलीवर तिची सून प्लास्टिकच्या कागदावर वडे थापत होती. तांदूळ, उडीद, धणे, मेथी असं दळलेलं जाडसर पीठ. वडा तेलात पडून फुगला की उचलून सरळ आमच्या ताटात. असं ताट आगाऊ करून ठेवता येत नाही, म्हणून तर सकाळी सांगायचं.

पर्यटक सगळे सुरमई, पापलेट (तिथे त्याला सरंगा म्हणतात) आणि कोळंबी मागतात, म्हणून त्यांचे भाव चढलेले. गावातली माणसं रोज काय खातात ते बघा: बांगडा, पेडवे, सौंदाळे, मोरीचं मटण. मटण म्हणजे रस्साच, पण मोरी म्हणजे लहान शार्क आणि तिला मसाला मटणाचाच लागतो. तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर सुक्या करायला सांगा, ओल्या खोबऱ्यात. कोळंबीला 'सुंगटां' म्हणालात तर समोरचा जरा हसेल, पण हिशोबात थोडा आपला होईल. बांगड्याचं ताट आणि सुरमईचं ताट यांच्या दरात माझ्या अनुभवात दीडपट-दुपटीचा फरक पडतो. फलकावर 'दर साइझप्रमाणे' लिहिलं असेल तर मासा आधी बघा, आकडा आधी विचारा, मगच हो म्हणा. यात लाजण्यासारखं काही नाही. पुण्यात आपण कोथिंबिरीच्या जुडीवर वाद घालतोच की.

मुलांना एक संध्याकाळ मालवण बंदरावर न्याच. होड्या लागल्या की वाळूतच लिलाव सुरू होतो. बोली इतकी भरभर चालते की आपल्याला कळेपर्यंत पाटी उचललेली असते. आपण त्या लिलावात उतरायचं नाही; लिलावात घेऊन लगेच बाजूला वाटे लावून बसणाऱ्या बायकांकडून घ्यायचं. बांगडा शेपटाकडून धरून आडवा करा. ताठ राहिला तर ताजा, मान टाकली तर पुढे चला. कल्ले लाल हवेत. हे मासे करून देणारी घरंही मिळतात, करणावळ घेतात; पण घेण्याआधी विचारा, नाहीतर पिशवी हातात धरून रात्री आठला दारोदार फिरावं लागतं. (फिरलोय.)

ज्या दिवशी सांगायचं राहून जाईल, त्या दिवसासाठी मालवण गावातलं 'चैतन्य' आणि 'अतिथी बांबू' ही दोन नावं लक्षात ठेवा. दोन्ही जुनी, नावाजलेली. मे महिन्यात तिथे एक ते अडीच जत्रा असते, तेव्हा बारालाच जाऊन बसा. सावंतवाडीला लाकडी खेळणी घ्यायला गेलात तर तिथली 'भालेकर खानावळ' आहे. आणि दुपारी तीननंतर बहुतेक स्वयंपाकघरं झोपतात. याबद्दल निदान पुणेकराने तरी तक्रार करू नये.

वडिलांची काळजी करू नका, उलट त्यांचीच चैन आहे. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, फणसाच्या कुयरीची भाजी, काजूगरांची उसळ, कुळथाची पिठी आणि भात. हे सगळं त्या घरांत रोजचं असतं, पण पर्यटकाला कोणी आपणहून देत नाही; त्याला पनीर आणतात! म्हणून सकाळी सांगतानाच सांगा: एक ताट शाकाहारी, तुमच्या घरात करता तसंच, आणि तवा वेगळा. वेगळ्या तव्याचं न विसरता सांगा. न्याहारीला घावणे आणि खोबऱ्याची चटणी, किंवा गूळ घातलेल्या नारळाच्या रसातले शिरवाळे. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या, साच्यातून दाबून काढलेल्या शेवया. त्यासाठी आदल्या रात्री सांगावं लागतं. आणि एक सकाळ उकड्या तांदळाची पेज मागा, सोबत लोणच्याची फोड. माझे सासरे 78 वर्षांचे, आजही पोहे हा नाश्ता मानत नाहीत.

आता प्यायचं. सोलकढीवर मी जरा बोलणार, कारण तिच्या नावाखाली काय काय खपतं ते बघून जीव जळतो. खरी सोलकढी म्हणजे कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध, त्यात लसूण-मिरची ठेचून. आगळ म्हणजे रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घालून टिकवलेला रस. हिचा रंग फिकट, मळकट गुलाबी येतो. भडक गुलाबी, सरबताच्या बाटलीसारखी दिसली तर रंग आहे असं समजा. दुसरी खूण: पेला दहा मिनिटं तसाच ठेवा. घरची असेल तर दूध वर आणि पाणी खाली असे थर दिसायला लागतात, चमचा फिरवला की पुन्हा एक. तासन् तास जशीच्या तशी राहिली तर ती पाकिटातून आलेली असण्याची शक्यता जास्त.

तुम्ही मेमध्ये जाताय ते यासाठी फार बरं, कारण रातांबे तेव्हाच पिकतात. अंगणाअंगणात लालजांभळ्या साली उन्हात पसरलेल्या दिसतील. त्या रसात बुडवायच्या, वाळवायच्या, परत बुडवायच्या, अशी चार-पाच दिवस उस्तवार केली की आपली आमटीतली सोलं होतात. आणि बरणीत रातांब्याच्या वाट्यांमध्ये साखर भरून ती उन्हात ठेवली की सुटतो तो पाक म्हणजे अमृत कोकम. काकी तो पाक पेल्यात दोन बोटं घालते, वर माठातलं पाणी, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. मुलं कोल्ड्रिंक विसरतात. शहाळी तर रस्त्यावर जागोजागी आहेतच.

तुमच्या 'प्यावं'मध्ये दुसरंही काही अभिप्रेत असेल तर: माडी म्हणजे नारळाच्या झाडाची ताडी. सकाळची गोडसर, जसजसा दिवस चढेल तशी आंबट आणि चढणारी. घ्यायचीच तर परवाना असलेल्या दुकानातून आणि सकाळीच. गोव्यात एक दिवस जाऊन स्वस्त बाटल्या आणायचा विचार मात्र सोडून द्या. महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क न भरलेली गोव्याची दारू इकडे आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. सहकुटुंब प्रवासात डिकी उघडून उभं राहायची हौस कोणाला?

जायचं कोल्हापूरपर्यंत हायवेने, पुढे राधानगरी-फोंडाघाट-कणकवली-कसाल करत. पहाटे साडेचारला पुणे सोडलंत तर जेवायला मालवणात असाल, आणि कसालला पोचताच फोन करून किती माणसं ते कळवा. तारखा पुढे ढकलू नका. मे अखेरीस समुद्र खवळायला लागतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत कोणी ताज्या सुरमईचा फलक लावला तर मेव्हण्याचा प्रश्न विचारा.

येताना काकीकडून आगळ आणा, दोन लिटर तरी. फक्त बाटलीच्या तोंडाशी टोपणाखाली प्लास्टिकचा तुकडा घट्ट बसवून घ्या आणि बाटली उभीच ठेवा. आम्ही आडवी ठेवली होती. खंबाटकी उतरताना मागून आंबट वास आला. त्या सीटखालचं कार्पेट तीन वर्षांनंतरही गुलाबी आहे.