मेंदूतल्या जंताच्या गाठीनंतर आयुष्य पूर्ववत होतं का?

भावाच्या मेंदूत जंताची गाठ निघाली, औषधांनंतर तो पूर्वीसारखा होईल का, असं तुम्ही विचारलंय. फिट्स बहुतेकांच्या आटोक्यात येतात. बाकीचं बरंचसं घरच्यांच्या हातात असतं.

मलाही हाच न्यूरोसिस्टिसर्कोसिस झाला होता. अल्बेंडाझोल आणि स्टेरॉइडचा कोर्स झाला, सीटी स्कॅनमध्ये गाठीच्या जागी पांढरा ठिपका उरला, म्हणजे गाठ वाळली. शेवटच्या फिटला दोन वर्षं होऊन गेली, तरी दादाने काढलेली बाथरूमची कडी परत बसवली नाही. दाराला स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली. आत गेलं की बाहेरून हाक, "ठीक आहेस ना?" ओ द्यायला जरा उशीर झाला की दार ढकललं जायचं. तपासणीला गेल्यावर प्रश्न एकच, फिट आली का? नाही म्हटलं की विषय संपला. ऐन वेळी शब्द न आठवणं, गोळ्यांनी येणारी चिडचिड, रात्री डोळा लागताना वाटणारी धास्ती, हे कोणी विचारलंच नाही. फिट्सच्या रुग्णांसाठी ३१ प्रश्नांची क्वोली-३१ नावाची प्रश्नावली आहे, तिच्यात फिटच्या धास्तीचा वेगळा भाग आहे. डॉक्टरांना ती भरून घ्यायला सांगा.

दादा अजूनही म्हणतो, "तू बाहेर काहीबाही खाल्लंस म्हणून झालं." साफ चूक. डुकराचं कच्चं मांस खाऊन होतो तो आतड्यातला टेपवर्म, म्हणजे फितीसारखा लांब जंत. मेंदूत गाठी होतात त्याची अंडी पोटात गेल्याने, आणि ती येतात टेपवर्म असलेल्या माणसाच्या शौचातून, न धुतलेल्या हातांवाटे, पाण्यावाटे. जन्मात मांस न खाल्लेल्यालाही हे होतं. असा माणूस घरातलाच असू शकतो, म्हणून सगळ्यांनी शौचतपासणी करून घ्यावी. दादाने कडी काढली, तपासणी मात्र केली नाही.

माझी गाठ एकच होती. गाठी बऱ्याच असतील किंवा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत असतील तर दुखणं मोठं असतं, माझ्यावरून अंदाज बांधू नका. वाळलेल्या गाठीमुळेही फिट येऊ शकते, त्यामुळे गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. एकट्याने पोहणं नको, गाडीचं डॉक्टरांना विचारा. आणि हो, सुरुवातीला कडी न लावणंच बरोबर, दादा तेव्हा चुकला नव्हता. ती परत कधी बसवायची हे मात्र भावाला शेजारी बसवून डॉक्टरांना विचारा. मला कोणी विचारलं नव्हतं.