कालव्यांची वहिवाट

प्रश्न : मुलीकडे बर्मिंगहॅमला गेले असताना मी रोज कालव्याकाठी फिरायला जात असे. हे कालवे एके काळी बुजवले जाणार होते, असे तेथे ऐकले. मग ते वाचले कसे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कोळसा आणि इतर माल वाहण्यासाठी खोदलेल्या या कालव्यांपैकी कित्येक रेल्वे कंपन्यांच्या हाती गेले, आणि त्यांत गाळ साचत राहिला. त्यांच्या रक्षणासाठी टॉम रोल्ट व रॉबर्ट एकमन यांनी १९४६ मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. तिच्या लढ्याचे मर्म आपल्याकडच्या ‘वहिवाट’ या शब्दात नेमके सापडते : बांधावरची वाट पायाखाली राहिली, तरच तिच्यावरचा हक्क सांगता येतो.

बर्मिंगहॅमहून स्ट्रॅटफर्ड गावाकडे जाणाऱ्या, रेल्वे कंपनीच्या ताब्यातील स्ट्रॅटफर्ड कालव्यावर लिफर्ड लेन येथे उचलता येणाऱ्या पुलाच्या जागी ठेंगणा, पक्का पूल बसवल्यामुळे नावांची वाट अडली होती. संसदेत प्रश्न विचारला गेल्यावर, आगाऊ सूचना दिल्यास पूल उचलून देऊ, असे उत्तर मिळाले. रोल्ट यांनी तशी सूचना दिली आणि १९४७ च्या मे महिन्यात ते आपली ‘क्रेसी’ ही नाव घेऊन पुलापाशी हजर झाले. रेल्वेच्या कामगारांना जॅक लावून अख्खा पूल वर उचलावा लागला, आणि तळाशी घासत, गाळातून वाट काढत क्रेसी पलीकडे गेली. त्यांच्यामागून इतरांनीही नावा आणल्या, हे मला अधिक मोलाचे वाटते, कारण एकदाच चाललेल्या वाटेला वहिवाट म्हणत नाहीत.

याच कालव्याचा दक्षिणेकडील सुमारे १३ मैलांचा भाग कायमचा बंद करण्यासाठी १९५८ मध्ये वॉरिकशायर कौन्सिलने हालचाल केली. गेल्या तीन वर्षांत येथून कोणीही गेलेले नाही, असा तिचा आधार होता. परंतु कनू या लहानशा वल्ह्याच्या होडीतून जाणाऱ्यांनी त्या काळात काढलेले जकातीचे तिकीट पुढे आले, आणि तो आधारच कोसळला. १९६० मध्ये ऐतिहासिक वास्तू व निसर्गस्थळे जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने हा भाग हाती घेतला. स्वयंसेवकांनी, सैनिकांनी आणि तुरुंगातील कैद्यांनीसुद्धा गाळ उपसला, मोडकळीस आलेली लॉक (पाण्याची पातळी बदलून नावा वर-खाली नेणारी दारांची कुंडे) दुरुस्त केली, आणि १९६४ मध्ये तेथे पुन्हा नावा चालू लागल्या.

आपण पुन्हा बर्मिंगहॅमला गेलात, तर किंग्ज नॉर्टन येथे अवश्य जावे. स्ट्रॅटफर्ड कालव्याचा फाटा तेथेच फुटतो, आणि लिफर्ड लेनच्या पुलाची जागा तेथून जवळ आहे.