हाताने हलवलेल्या बाहुल्यांची ओढ

प्रश्न : संगणकावर सारे काही साधत असताना स्टॉप-मोशन चित्रपट आजही का आवडतात? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : स्टॉप-मोशन म्हणजे वस्तू किंचित हलवून दर वेळी छायाचित्र घ्यायचे आणि ती छायाचित्रे सलग दाखवून हालचालीचा भास निर्माण करायचा. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे स्थिर चित्रे, लागतात, एकेक मुद्रा दोन चौकटींपुरती धरली, तरी बाहुली १२ वेळा किंचित हलवून छायाचित्रे घ्यावी लागतात, आणि दर वेळी मातीवर उमटलेला बोटाचा ठसा किंवा कापडाची सरकलेली घडी पडद्यावर थरथरत राहते. माझ्या मते सारे आकर्षण या थरथरीतच आहे, कारण समोरची वस्तू खरी आहे आणि तिच्यावर खराखुरा प्रकाश पडला आहे, हे डोळ्यांना तत्काळ उमगते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या पाहताना हाच आनंद मिळतो. मात्र तिथे हालचाल प्रेक्षकांसमोर सलग घडते. आपण सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यावर अवश्य प्रयोग करावा, पण खिडकी बंद ठेवावी. उजेड बदलला की चित्र लुकलुकते.